काटा, कॅन्टीन आणि शुभेच्छुक

माझ्या हातून एकदा आमच्या चेअरमन साहेबांचा वाढदिवस बंद पडला. भर मांडवात, केक कापायच्या आधी. त्या गोष्टीला आता काही वर्षं झाली, मी निवृत्तही झाले, तरी बीडच्या बसस्टँडवर कारखान्यातलं कोणी भेटलं की पहिला प्रश्न तोच असतो, "मॅडम, त्या दिशी तुमी मुद्दाम केलतं का?" तर हो, मुद्दाम केलं होतं. एकदाचं छापून येऊ द्या.

संपादकांनी लेख मागताना बजावलं होतं की तांत्रिक काही लिहू नका, आमचा वाचक चकली खात खात वाचतो. पण मी साखर कारखान्याच्या संगणक विभागात उभी हयात काढली. तांत्रिक सोडून लिहायचं म्हटलं तर माझ्याकडे फक्त डब्यातल्या भाज्यांच्या आठवणी उरतात. तेव्हा चकली खाली ठेवा.

आमचा विभाग म्हणजे मी, एक सर्व्हर आणि एक एसी. एसी सर्व्हरसाठी होता. मी त्याच्या आश्रयाला बसायची. या एकाच सर्व्हरवर सगळा कारखाना चाले. गेटाजवळ उसाच्या गाड्यांचं जिथे वजन होतं तो काटा, ऊसतोड टोळ्यांची नोंद, कॅन्टीनची कुपनं, गेस्ट हाऊसच्या खोल्या, सगळे प्रोग्राम जावा नावाच्या भाषेत लिहिलेले. जावाची गंमत अशी की तिच्यातला प्रोग्राम सरळ यंत्रावर चालत नाही. यंत्राच्या पोटात आणखी एक लटकं यंत्र उभं करावं लागतं आणि प्रोग्राम त्याच्यात राहतो. असं प्रत्येक प्रोग्रामसाठी वेगळं यंत्र उभं करता येतं. पण मेमरी महाग, सर्व्हर जुना, आणि "एकात भागतंय ना?" हा आमच्याकडचा कुठल्याही खरेदीवरचा शेरा. म्हणून मी सगळे प्रोग्राम एकाच यंत्रात कोंबले होते. एक घर, एक चूल, आणि कोणाच्याही ताटाला मोजमाप नाही.

त्याची पहिली चुणूक कॅन्टीनने दाखवली.

एका हंगामात रोज दुपारी अडीच वाजता काटा बंद पडायला लागला. अडीच म्हणजे अडीच. काट्यावरचे रफीकभाई मला फोन करत, "मॅडम, अटक्या." मी धावत जाऊन सगळं पुन्हा चालू करायची. दहा मिनिटं गाड्या थांबत, गाडीवान माझ्या खिडकीकडे बघून काय काय बोलत ते मी एसीच्या आवाजामुळे ऐकलं नाही असं धरून चालू. वीज विभागाने लेखी दिलं की दोष विजेचा नाही. काट्याची केबल बदलली. कोणीतरी माझ्या दारावर लिंबू-मिरची टांगली, ती मी काढली, दुसऱ्या दिवशी दोन टांगली. एक अधिकारी म्हणाले की अडीचला सूर्य सर्व्हरच्या खोलीवर येतो, पडदा लावा. पडदाही लावला.

मग एक दिवस काटा बंद पडलाच नाही. अडीच वाजले, पावणेतीन वाजले, रफीकभाईंचा फोन आला, "मॅडम, आज काय झालं? तबियत बरी हाय ना?" आज वेगळं काय, याचा मी शोध घेतला तेव्हा एवढंच सापडलं की कॅन्टीन बंद होतं, कारण कॅन्टीनचे पांडूमामा नारायणगडाला जत्रेला गेले होते. दुसऱ्या दिवशी ते प्रसाद घेऊन परत आले. मी सव्वादोनला कॅन्टीनमध्ये चहा घेऊन बसले. अडीच वाजता पांडूमामांनी शेवटचं कुपन फाडलं, गल्ल्यावरचा कपडा झटकला आणि संगणकावरचं 'बंद' हे बटण दाबलं. माझा फोन वाजला. रफीकभाई.

"मामा, हे काय केलंत?"

"म्या फकस्त कॅन्टीन बंद केलं की."

त्यांचं खरं होतं. कॅन्टीनचा प्रोग्राम ज्या बाहेरच्या माणसाने लिहून दिला होता त्याने 'बंद'वर एक आज्ञा ठेवली होती. त्या आज्ञेचा जावातला अर्थ 'मी निघालो' असा नाही, 'मी निघालो, घर पाडून टाका' असा आहे. प्रोग्राम आपल्या स्वतंत्र घरात असता तर त्याचं त्याचं घर पडलं असतं. आमच्याकडे पांडूमामा रोज दुपारी कॅन्टीनबरोबर काटा, टोळ्या आणि गेस्ट हाऊस असा अख्खा वाडाच बंद करून पान खायला जात होते. मी ती एक ओळ काढून टाकली. पांडूमामांना मात्र या शोधाचा अभिमान वाटला. "आपुन बटन दाबल्याबिगर कारखाना बंद व्हत नव्हता," असं ते पाव्हण्यांना सांगत.

त्याच आठवड्यात मी वर अर्ज दिला की मेमरी वाढवून द्या, मला प्रोग्रामांची वाटणी करायची आहे. अर्ज फिरून आला. शेरा होता, एकात भागतंय ना.

आता शुभेच्छांकडे येते. यात चूक माझी आहे आणि ती मी लपवणार नाही.

चेअरमन साहेबांचा वाढदिवस ऐन हंगामात येतो. त्यांचे स्वीय सहायक तात्या, इस्त्रीचे पांढरे कपडे, खिशाला दोन पेनं, दरवर्षी गेटावर फ्लेक्स लावत. वर साहेबांचा मोठा फोटो आणि खाली शुभेच्छुकांचे छोटे. आपल्या जिल्ह्यात शुभेच्छुक म्हणून फोटो लागणं म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगून कळणार नाही. एका वर्षी जागा पुरली नाही म्हणून एका सुपरवायझरचा फोटो गळला. तो माणूस आठ दिवस कामावर आला नाही, आणि त्याच्याबरोबर त्याचा मेव्हणाही आला नाही, ज्याचा फोटो लागला होता. तेव्हापासून तात्यांचा नियम झाला: एकदा लागलेला शुभेच्छुक काढायचा नाही. फ्लेक्स दरवर्षी रुंद होत गेला. शेवटी तो गेटापेक्षा मोठा झाला आणि उसाचा एक ट्रक शुभेच्छुकांची एक रांग घेऊन आत आला.

मग तात्या माझ्याकडे आले. "मॅडम, फ्लेक्स आता कंप्युटरवर करा. परत्येकाच्या स्क्रीनवर खाली पट्टी फिरली पाहिजे. जागेचा प्रश्नच न्हाई राहायचा."

जागेचा प्रश्न नाही! हे वाक्य माझ्या तोंडावर बोललं गेलं आणि मी मान डोलावली. मलाही वाटलं, एकदा आपल्या विभागाचं कौतुक होईल.

इथे थोडं समजून घ्यावं लागेल. जावाच्या यंत्रात एक झाडूवाला असतो. प्रोग्राम वापरून झालेल्या वस्तू मेमरीत टाकून देतात आणि हा झाडूवाला येऊन कचरा उचलतो, जागा मोकळी करतो. त्याचा नियम एकच. जी वस्तू कोणी हातात धरलेली नाही तो कचरा, आणि जी कोणी एकानेही धरलेली आहे तिला तो हात लावत नाही. मोठी झाडलोट करायची असली की तो सगळ्यांना जागच्या जागी थांबवतो. घरात केर काढताना आई म्हणायची ना, पाय वर घ्या, तसं सगळे प्रोग्राम क्षणभर पाय वर घेऊन बसतात. क्षणभरच, म्हणून कोणाला कळत नाही.

आणि मी काय केलं, तर तात्यांच्या नियमाप्रमाणे शुभेच्छुकांची एक यादी केली, जी प्रत्येक फोटो धरून ठेवेल आणि कधीच सोडणार नाही. मी स्वतःच्या हाताने लिहिलं. झाडूवाल्याने यावं, बघावं, आणि हात जोडून परत जावं.

पहिल्या दिवशी साठेक फोटो आले. मग एकाचं म्हणणं पडलं की त्याचा फोटो शेजारच्यापेक्षा लहान दिसतो. त्याने मोठा टाकला. जुना काढायचा नाही, हा नियम. शेजाऱ्याने त्याहून मोठा टाकला. बसलेले, उभे, गॉगल घातलेले, मोटारसायकलवर हात टेकलेले. बॉयलरवरच्या एकाने लग्नातला टाकला, त्यात नवरीही शुभेच्छुक झाली. शिवाय प्रत्येक विभागाच्या स्क्रीनसाठी अख्ख्या पट्टीची वेगळी प्रत, ती शहाणपणाची गोष्टही माझीच.

वाढदिवसाच्या सकाळपासून काट्याचा आकडा अडखळायला लागला. गाडी चढायची, आकडा अर्ध्यात थबकायचा, मग हलायचा. साडेअकराला तर थबकला की बराच वेळ तसाच. मी पाहिलं तर मेमरी काठोकाठ भरलेली आणि झाडूवाला एकसारखा घिरट्या घालत होता. येतोय, सगळ्यांना पाय वर घ्यायला लावतोय, काही मिळत नाही, जातोय, लगेच पुन्हा येतोय. सगळा कारखाना पाय वर घेऊन बसला होता. मी फक्त शुभेच्छांचा प्रोग्राम थांबवायचा प्रयत्न केला, पण माझी आज्ञाही त्याच यंत्रात जाणार, तीही पाय वर घेऊन बसली.

काट्यावर गेले तेव्हा गाड्यांची रांग गेटाबाहेरच्या बाभळीपर्यंत गेली होती. काट्यावर चढलेल्या गाडीवर एक बाई हातात कासरा धरून उभी होती. तिचं नाव कोंडाबाई. बैलांची नावं फौजदार आणि जमादार. ती मला बघताच म्हणाली, "मॅडम, लवकर करा वं. मला एकची येष्टी गाठायचीय."

"एवढी कसली घाई?"

"पोरीचं गॅदरिंग हाय. गावच्या शाळंत. आमी इकडं आलो की ती वसतिगृहात ऱ्हाती. नाटकात तिला जज केलंय. वकिलाचा काळा कोट मागून आणलाय मास्तरनं. म्हनली, आई तू न्हाई आलीस तर मी कुनालाच सोडनार न्हाई, समद्यांना फाशी."

नवरा फडात मोळ्या बांधत होता. काटा झाला, गाडी गव्हाणीवर, म्हणजे ऊस गाळपाला जातो तिथे, रिकामी झाली की तो येऊन बैल धरणार होता. पण काटाच होत नव्हता, आणि भरली गाडी, दोन बैल सोडून ती जाणार कुठे? साडेबारा होत आले होते. रफीकभाई काचेतून आकड्याकडे बघत होते. आकडा अर्ध्यातच होता.

उपाय एकच होता. सगळं यंत्र पाडायचं आणि शुभेच्छा वगळून बाकीचं उभं करायचं. पण त्याच वेळी मांडवात मोठ्या पडद्यावर शुभेच्छुकांची पट्टी अडखळत का होईना फिरत होती, चेअरमन साहेब खुर्चीत, पाहुणे शेजारी, केक समोर. मी तात्यांना फोन लावला.

तात्या हादरले. "मॅडम, आता? आता न्हाई! पट्टी संपू द्या, केक कापू द्या."

"पट्टी कधी संपेल?"

"ती कावून संपंल? गोल फिरती ना."

हे मीच तसं केलं होतं.

"तात्या, काटा बंद आहे. एक बाई अडकलीय."

"अहो, एका बाईसाठी साहेबांचा वाढदिवस थांबवता? नोकरी नको का तुमाला?"

खोटं कशाला सांगू, माझ्या नोकरीवर माझं घर चालत होतं आणि मला शौर्याची आवड कधीच नव्हती. मी काट्याच्या खिडकीतून पाहिलं. कोंडाबाईने पदराच्या गाठीतून येष्टीचे पैसे काढून मुठीत धरले होते, म्हणजे वेळ आली की शोधायला नको. त्या मुठीकडे बघून मी परत विभागात पळत गेले आणि यंत्र पाडलं.

मांडवात पडदा काळा झाला. नेमका पाहुण्यांचा फोटो यायच्या आधी. टाळ्या वाजता वाजता थांबल्या. पाच-सात मिनिटांत मी बाकीचे प्रोग्राम उभे केले आणि काट्याकडे धावले, तर गाडीपाशीच समोरून चेअरमन साहेब येत होते. गळ्यात झेंडूचा मोठा हार, मागे तात्या, मागे अर्धा मांडव.

"कोणी बंद केलं?" साहेबांनी विचारलं.

"मी."

"कशामुळं?"

आता झाडूवाला, यादी, पट्टी हे सगळं कुठून सांगणार? माझ्या तोंडून एवढंच निघालं, "साहेब, तुमच्या वाढदिवसानं काटा अडवला होता."

साहेब माझ्याकडे बघत राहिले, आणि फौजदार बैलाने मान लांब करून त्यांच्या गळ्यातला हार तोंडात धरला. साहेब मागे सरकले, हार तुटला, आणि फौजदार शांतपणे झेंडू चघळायला लागला. जमादारने दुसरं टोक घेतलं.

कोंडाबाई वरून ओरडली, "हार घालून बैलाम्होरं कावून उभं ऱ्हाता वं? सकाळधरनं उभी हायती ती, भुकंजली." आपण कोणाला बोलतोय हे तिला ठाऊक नव्हतं. रफीकभाईंनी डोळे मिटून घेतले.

साहेब रांगेकडे बघत राहिले. बाभळीपर्यंत. मग त्यांनी कोंडाबाईला विचारलं, "बाई, तुला कुठं जायचंय?" तिने गॅदरिंग, जज, काळा कोट, फाशी, सगळं सांगितलं. एक वाजायला तीन मिनिटं होती आणि येष्टीचा थांबा दोन फर्लांगावर.

"तात्या," साहेब म्हणाले, "माझी जीप काढायला सांगा, बाईला शाळेपर्यंत सोडा म्हणावं. आणि तुम्ही गाडी धरा हिची."

"मी? बैलगाडी?"

"शुभेच्छुक काढायचा नाही, हा नियम तुमचा होता ना?"

म्हणजे साहेबांना सगळं कळत होतं. तात्या इस्त्रीच्या कपड्यांत गाडीवर चढले. कोंडाबाईने कासरा त्यांच्या हातात दिला आणि बजावलं, "फौजदारला बे म्हनू नका, त्यो अडून बसतो." जीप गेली. रफीकभाईंनी लाऊडस्पीकरवर सांगितलं, "तात्या, खाली उतरा. तुमचं वजन उसात धरता येत न्हाई." सगळा कारखाना हसला. मी पण हसले, आणि मग विभागात जाऊन थोडी रडले.

दुसऱ्या दिवशी कोंडाबाई काट्याच्या खिडकीशी येऊन सांगून गेली. ती पोचली तेव्हा खटला अर्ध्यात होता. काळा कोट पोरीच्या घोट्यापर्यंत आलेला. पोरीने आईला दारात बघितलं आणि चोराला बाजूला ठेवून तिथूनच विचारलं, "उशीर कावून झाला?" कोंडाबाई मागून ओरडली, "काटा बंद पडलता!" सगळं गॅदरिंग हसलं. पोरीने हातोडा आपटला आणि सगळ्यांना निर्दोष सोडलं, चोरालासुद्धा.

मला कारणे दाखवा नोटीस आली. मी कारण म्हणून जुना अर्ज जोडला, शेऱ्यासकट. त्यावर या वेळी साहेबांनी स्वतः सही केली.

मग मी वाटणी केली. प्रत्येक प्रोग्रामला स्वतंत्र यंत्र, स्वतंत्र मेमरी, आणि प्रत्येकावर मर्यादा. एवढ्यात भागवायचं, नाही भागलं तर आपलं आपण पडायचं, शेजाऱ्याला हात लावायचा नाही. यात थोडी मेमरी वाया जाते, वेगळ्या चुली मांडल्या की भांडीही वेगळी लागतात. पण कॅन्टीनला आता कॅन्टीनच बंद करता येत होतं. याचं पांडूमामांना वाईट वाटलं, मला दिसलं ते. तात्या मात्र शुभेच्छांचा हिस्सा वाढवून मागायला रोज येत. "काट्याला दोन जीबी अन् शुभेच्छाला एवढुसं? साहेबांना काय वाटंल?" मी एक एमबी सोडला नाही. आयुष्यात एवढी कठोर मी सासरीसुद्धा झाले नव्हते.

माझा निरोप समारंभही हंगामातच आला. तात्यांनी मनावर घेतलं होतं. तोच मांडव, तोच पडदा, आणि शुभेच्छांच्याच प्रोग्राममध्ये माझा फोटो. एवढा मोठा फोटो मी माझ्या लग्नातही काढला नव्हता. शिवाय तात्यांनी कोणी नाराज नको म्हणून सगळ्या कर्मचाऱ्यांचे फोटो माझ्याभोवती लावायचे ठरवलेले. पडद्यावर वरून माझे केस आले, कपाळ आलं, चष्मा आला, नाक आलं. आणि तिथेच थांबलं.

तात्या माइकवर म्हणाले, "मॅडम, तुमी अडकल्या."

मला लगेच कळलं. शुभेच्छांचा हिस्सा संपला होता. प्रोग्राम पडला होता. सगळे माझ्याकडे बघायला लागले, आणि त्या शांततेत गेटाकडून रफीकभाईंचा लाऊडस्पीकर ऐकू आला, "चला, फुडची गाडी घ्या." थोड्या वेळाने पुन्हा, "फुडची गाडी." तात्या कानाशी येऊन म्हणाले की पटकन चालू करून द्या ना. मी म्हटलं, राहू द्या. नाकापर्यंत पुष्कळ झालं.

समारंभ संपवून घरी निघाले तेव्हा काट्याच्या खिडकीशी थांबले. रफीकभाईंना हंगामामुळे मांडवात येता आलं नव्हतं. त्यांनी एका गाडीवानाला पावती फाडून दिली आणि विचारलं, "मॅडम, कसा झाला प्रोग्राम?"

"बंद पडला."

"अरेरे! कवा?"

"मघाशी. अर्ध्या तासापूर्वी."

रफीकभाईंनी आकड्याकडे पाहिलं, गाड्यांकडे पाहिलं, आणि ओशाळून म्हणाले, "माफ करा मॅडम. हिकडं आमाला तर कायबी कळलं न्हाई."

शाल, श्रीफळ आणि मानपत्र हातात होतं. त्यातलं मला आज काही आठवत नाही. रफीकभाईंचं ते वाक्य मात्र आठवलं की अजून डोळ्यांत पाणी येतं.